आठ दातांचा पिनियन

"ही गाडी धरत नाही रे."

बाबांनी हे वाक्य म्हटलं तेव्हा आम्ही समुद्रसपाटीपासून जवळजवळ १३,००० फुटांवर होतो. कोलोरॅडोतला इमोजिन पास. कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि रस्ता म्हणजे डोंगराच्या कडेला कोरलेली दगडांची पायवाट. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खाली टेल्यूराइड गाव काड्यापेटीएवढं दिसत होतं. लो रेंज, पहिला गिअर, तरीही गाडी पुढेपुढे पळत होती आणि माझा उजवा पाय ब्रेकवरून हलत नव्हता. थोड्या वेळाने तो वास आला. तापलेल्या ब्रेकचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही.

ही गोष्ट २०२२ च्या ऑगस्टमधली. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सातारा जिल्ह्यात त्यांनी उभी हयात काढली, आणि त्यातली बरीचशी सरकारी जीपमध्ये. मी इकडे मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी केलेली, विषय पवनचक्कीच्या गिअरबॉक्समधली बेअरिंग्ज. म्हणजे गिअर हेच माझं खाणंपिणं. आणि माझ्या गाडीचा रोग ओळखला कुणी, तर बाबांनी, आणि तेही चार शब्दांत.

आम्ही एका रुंद वळणावर थांबलो, चाकं गार होईपर्यंत अर्धा तास दगडावर बसलो, थर्मासमधला चहा प्यायलो. बाबा म्हणाले, "आमचा सदूमामा कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकला पाय लावायचा नाही. गिअरवर सोडायचा. जीप कशी मुंगीसारखी उतरायची." मग माझ्या गाडीच्या टायरकडे बघून म्हणाले, "एवढी मोठी चाकं कशाला लावलीस?"

मंडळी, त्या प्रश्नाचं खरं उत्तर 'छान दिसतात म्हणून' असं होतं. ते मी दिलं नाही. पण त्या अर्ध्या तासात डोक्यात जे सुरू झालं, त्याचा हा लेख.

आधी थोडं गणित, घाबरू नका. गाडीचं इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेतं, चाकाने तेवढे घेतले तर गाडी उडेल. म्हणून मधे फेरे कमी करायची सोय असते. एक गिअरबॉक्स, जो आपण हाताने बदलतो. आणि दुसरी सोय दोन चाकांच्या मधोमध, त्या भोपळ्यासारख्या फुगीर लोखंडी हाऊसिंगमध्ये, जी आपण कधीच बदलत नाही. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये तिला क्राऊन-पिनियन म्हणतात. शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन, त्याला लागून मोठी दातेरी चकती म्हणजे क्राऊन. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, हा झाला ॲक्सलचा रेशो. माझी गाडी १९९८ ची जुनी जीप रँग्लर. तिच्या क्राऊनला ४३ दात, पिनियनला १४. म्हणजे ३.०७. पिनियन तीन फेरे फिरला की चाक एकदा फिरणार.

आता यात टायर कुठे आला? चाकाचा एक फेरा म्हणजे टायरच्या परिघाएवढं अंतर. कंपनीने माझ्या गाडीला साधारण २८ इंची टायर दिले होते. मी हौसेने ३३ इंची घातले. एका फेऱ्यात गाडी आता १८ टक्के जास्त पुढे जाते. हे ऐकायला फायद्याचं वाटतं, पण फुकट काही मिळत नाही. तेवढीच ताकद कमी झाली. ३.०७ चा रेशो प्रत्यक्षात २.६ असल्यासारखा वागू लागला. चढावर इंजिन मान टाकणार, उतारावर गाडी इंजिनाला जुमानणार नाही. ब्रेकचंही तेच, चाक मोठं झालं की त्याच ब्रेकला जास्त लांबीच्या तरफेशी झगडावं लागतं. भरीस भर म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतं. काटा ८५ दाखवतो तेव्हा गाडी १०० ने पळत असते.

आणि १३,००० फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरते. इंजिन हवा खातं. म्हणजे साधारण एक तृतीयांश ताकद आधीच वजा. अशा ठिकाणी मी २.६ घेऊन गेलो होतो. गिअरवर पीएचडी केलेला मनुष्य! असो.

घरी आल्यावर मी वाचायला बसलो आणि लक्षात आलं की हा रोग काही माझा एकट्याचा नाही. शंभर वर्षांहून जुना आहे.

डिफरन्शिअलची मूळ कल्पना पॅरिसमधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीची. १८२७ साली त्याने वाफेच्या गाडीसाठी हे यंत्र मांडलं. वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, तेव्हा दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायचं, ही त्यातली युक्ती. घड्याळजीला दात आणि फेरे यांचं गणित सुचावं यात नवल नाही. पण काटकोनात फिरणारे शंकूच्या आकाराचे दात अचूक कापणं हे अवघड काम होतं. ते सोपं केलं न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर गावच्या विल्यम ग्लीसनने. १८७४ साली त्याने असे दात कापणारं यंत्र केलं. त्याची मुलगी केट हिनेही त्या कारखान्यात मोठी जबाबदारी उचलली, आणि १९१४ साली ती अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संघटनेची पहिली पूर्ण सभासद स्त्री झाली. आज जगातल्या कुठल्याही गाडीचा क्राऊन उघडा, त्याच्या दातांच्या वळणात ग्लीसन घराण्याची कामगिरी थोडीफार सापडतेच.

सुरुवातीचे दात सरळ असत आणि ओरडत. १९१३ च्या सुमारास पॅकार्ड कंपनीने वळणदार दात आणले, आवाज कमी झाला. १९२६ मध्ये त्याच कंपनीने हायपॉइड आणला. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, त्यामुळे शाफ्ट खाली येतो आणि गाडीचा तळही खाली आणता येतो. मात्र दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतातही. म्हणून त्याला गंधकाच्या वासाचं ते खास जाड तेल लागतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये 'नव्वद नंबर' म्हणून मागतात ते. हातावर सांडलं तर जेवताना दोन दिवस वास येतो, स्वानुभव आहे.

आणि रेशो बदलण्याची हौस? ती फोर्डच्या मॉडेल टी इतकी जुनी. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या निघाल्या, सगळ्यांना क्राऊन ४० दातांचा आणि पिनियन ११ चा. रेशो ३.६४. गाडीला पुढे जायचे गिअर दोनच. सपाटीवरचा शेतकरी खूष, डोंगरातला नाखूष. मग बाजारात जोडसाहित्य आलं. शर्यतीची हौस असलेले लोक ३ चा रेशो घालत, चढावर राहणारे ४ चा. रकस्टेल नावाचा एक ॲक्सल मिळायचा, त्यात दोन रेशो असत आणि एक दांडी ओढून बदलता येत. म्हणजे एकच गाडी सगळ्यांना पुरणार नाही, हे लोकांना तेव्हाच कळलं होतं. कारखाना सरासरी माणसासाठी गाडी बनवतो. सरासरी माणूस मात्र कुठल्याच रस्त्यावर राहत नाही.

आता जीपकडे येऊ. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने छोट्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीची मागणी काढली. १३५ कंपन्यांना पत्रं गेली, उत्तर दिलं दोघांनी. त्यातली बँटम ही पेनसिल्व्हेनियातली डबघाईला आलेली छोटी कंपनी. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने काही दिवसांत आराखडे काढले आणि ४९ दिवसांच्या मुदतीत, २३ सप्टेंबर १९४० रोजी, पहिली गाडी मेरीलँडमधल्या कँप होलाबर्डला पोचली. पुढे विलीज आणि फोर्ड मैदानात उतरले आणि युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या.

सैन्याच्या त्या मागणीपत्रातली एक अट मला फार आवडते. गाडी सपाटीवर ताशी ५० मैल पळाली पाहिजे हे ठीकच, पण ती ताशी ३ मैलांनी न धडपडता चाललीही पाहिजे. का? तर पाठीवर ओझं घेतलेला शिपाई तेवढ्या वेगाने चालतो. सैन्याबरोबर चालायचं तर गाडीने माणसाच्या पावलाशी पाऊल जुळवलं पाहिजे. गंमत म्हणजे समोरच्या बाजूला, जर्मन सैन्याच्या क्युबलवागनमध्येही, नेमक्या याच कारणासाठी चाकांपाशी आणखी एक गिअर घालून वेग कमी केला होता. शत्रू असले तरी शिपायाची चाल दोघांकडे सारखीच.

ही अट विलीजने कशी पाळली ते दातांत दिसतं. इंजिन २.२ लिटरचं, ताकद ६० अश्वशक्ती. ॲक्सलमध्ये क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८. रेशो ४.८८. पहिला गिअर २.६६, ट्रान्स्फर केसचा लो १.९७. तिन्हींचा गुणाकार केला की सुमारे २५.६ येतो. इंजिन ९०० फेऱ्यांवर असेल तेव्हा चाकाचे मिनिटाला ३५ फेरे होतात, आणि त्या टायरवर हा वेग बरोबर ताशी ३ मैलांच्या आसपास जातो. मी कागदावर हे मांडलं तेव्हा माझ्या तोंडून 'वा!' निघालं. ८० वर्षांपूर्वी कुणीतरी चालत्या माणसापासून सुरुवात केली आणि उलटं गणित करत आठ दातांपर्यंत पोचला.

युद्ध संपल्यावर १९४५ साली विलीजने नागरी जीप काढली, सीजे-२ए. ही शेतकऱ्याला विकायची होती. नांगर ओढेल, मागच्या शाफ्टवर करवत चालेल, रविवारी चर्चला नेईल. नांगराला शिपायापेक्षाही कमी वेग लागतो. म्हणून क्राऊनचे दात ३९ वरून ४३ झाले, पिनियन आठचाच राहिला. रेशो ५.३८. लो रेंजही आणखी खाली आणला. एकूण गुणाकार ३७ वर गेला. हमरस्त्यावर ही गाडी ताशी ६० मैलांवर किंचाळायची, पण शेतात तिला तोड नव्हती.

याच कुळातली सीजे-३बी १९५३ मध्ये आली. तिचं नवं इंजिन उंच होतं, म्हणून बॉनेटही उंच केलं. तुम्ही म्हणाल, ही ओळखीची वाटते. वाटणारच. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली, पण मुंबईत महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली होती, आणि हे उंच नाकाचं घराणं आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं नांदलं. पोलीस, महसूल, वनखातं, पाटबंधारे. बाबांची जीपही याच घराण्यातली. सदूमामा तिच्यात बाबांना 'रावसाहेब, घट्ट धरा' म्हणायचा आणि कालव्याच्या भरावावरून, चिखलातून, घाटातून न्यायचा. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा त्या जीपमध्ये बसून गेलो होतो. एवढा आवाज आणि एवढा कमी वेग याची मला तेव्हा लाज वाटली होती. शेजारून एसटी पुढे निघून गेली होती! तो आवाज म्हणजे त्या गाडीची ताकद होती, हे कळायला मला पीएचडी आणि नंतरची पाचसहा वर्षं लागली.

मग अमेरिकेत मधल्या काळात झालं काय, की १९४१ च्या ४.८८ ची १९९८ मध्ये ३.०७ झाली?

युद्धानंतर सैन्याच्या जुन्या जीप बाजारात आल्या. ज्या डोंगरांत मी अडकलो होतो, त्या सान वान पर्वतात १८७० च्या दशकापासून सोन्याचांदीच्या खाणी होत्या. ऑटो मीअर्स नावाच्या उद्योगी गृहस्थाने १८८० च्या दशकात तिथे टोलचे रस्ते फोडले. इमोजिन पासच्या वाटेवर एका बाजूला कँप बर्ड खाण, दुसऱ्या बाजूला टॉमबॉय. तिथून खेचरांच्या रांगा दगड वाहून न्यायच्या. खाणी बसल्या, खेचरं गेली, वाटा राहिल्या. खेचराच्या वाटेवर खेचरासारखी चढणारी गाडी एकच होती. यूरे गावात जीपमधून प्रवाशांना डोंगर दाखवायचा धंदा उभा राहिला. १९५३ साली कॅलिफोर्नियात रुबिकॉन ट्रेलवर पहिला जीप मेळावा भरला, ५५ गाड्या होत्या. युटातल्या मोआब गावाभोवती १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांनी कातळांवरून वाटा काढल्या आणि १९६७ पासून तिथे ईस्टरला जीपची जत्रा भरू लागली.

कामाची गाडी खेळाची झाली. खेळात दगड मोठे, म्हणून टायर मोठे हवेत. ॲक्सलच्या भोपळ्याचा तळ जमिनीपासून वर उचलायचा तर दुसरा सोपा उपाय नाही. १९७६ मध्ये बीएफगुडरिचने रस्त्यावर आणि मातीत दोन्हीकडे चालणारा रेडियल टायर आणला आणि मोठा टायर रोजच्या गाडीलाही परवडू लागला. २८ चे ३१ झाले, ३१ चे ३३, ३३ चे ३५.

आणि नेमकं त्याच काळात कारखाना उलट दिशेने निघाला होता. १९७३ साली तेलाचा भडका उडाला. १९७४ च्या जानेवारीत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. १९७५ च्या कायद्याने गाड्यांच्या सरासरी मायलेजची सक्ती केली. कंपनीपुढचा सगळ्यात स्वस्त उपाय कोणता? क्राऊन-पिनियन बदला. इंजिन कमी फेरे घेईल, पेट्रोल वाचेल. एकेकाळी ५.३८ वर चालणाऱ्या जीपच्या घराण्यात १९८० च्या दशकात २.७३ चा ॲक्सल दिसू लागला. त्यात वाईट हेतू नव्हता. बहुतेक मालक हमरस्त्यावरच फिरणार, हा हिशेबही बरोबरच होता. पण मालक टायर वाढवत होते आणि कारखाना दात कमी करत होता. या दोघांच्या मधे जो खड्डा पडला, त्यात हजारो लोक पडले, आणि २०२२ साली मी. तेही वडिलांना शेजारी बसवून.

बाबांचा मुक्काम अजून सहा आठवडे होता. एका वर्कशॉपने सांगितलेला आकडा ऐकून मी ठरवलं की काम घरच्या गराजमध्येच करायचं. कोणता रेशो घ्यायचा यावर घरात दोन रात्री चर्चा झाली. २८ च्या टायरवरचं मूळ वागणं परत आणायचं तर ३.६ पुरला असता. पण मूळ वागणंच डोंगरासाठी सुस्त होतं. ३३ च्या टायरला बरेच लोक ४.५६ घालतात. मी चढउतारांच्या मुलखात राहतो म्हणून आणखी एक पायरी गेलो. ४.८८. हमरस्त्यावर १०० च्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे १५३५ वरून २४४० वर जाणार होते. म्हणजे आवाज वाढणार, पेट्रोल थोडं जास्त जाणार. चालेल म्हटलं.

हे काम वाटतं तेवढं सरळ नाही, आणि कुणी करणार असेल तर म्हणून थोडं तपशिलात सांगतो. पहिली गोष्ट, पुढचा आणि मागचा दोन्ही ॲक्सल एकदमच बदलावे लागतात. एकाचा रेशो वेगळा राहिला आणि चारही चाकं जोडली, तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि मधलं काहीतरी मोडतं. दुसरी गोष्ट, नुसता क्राऊन-पिनियन आणून भागत नाही. क्राऊन तेवढ्याच व्यासाचा ठेवून रेशो वाढवायचा तर पिनियनचे दात कमी, म्हणजे पिनियन बारीक. हाऊसिंगमधली त्याची जागा ठरलेली, तेव्हा क्राऊनला त्याच्या जवळ सरकावं लागतं. म्हणून क्राऊन ज्यावर बसतो तो कॅरियरही एका मर्यादेनंतर वेगळा लागतो. ३.०७ वरून ४.८८ ला जाताना माझे दोन्ही कॅरियर बदलले. तिसरी गोष्ट, बारीक पिनियन म्हणजे कमी ताकद. छोट्या ॲक्सलमध्ये रेशो हावरटपणे वाढवला तर दात तुटतात. ६० अश्वशक्तीला आठ दात पुरले, माझ्या इंजिनाची ताकद त्याच्या तिप्पट आहे, म्हणून लो रेंजमध्ये पाय जपून.

आणि मग खरी परीक्षा, बसवणं. पिनियन किती आत बसला आहे ते कागदाहून पातळ शिम घालून ठरवायचं. क्राऊन आणि पिनियनमध्ये मोकळीक ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर. बेअरिंगवर ताण नेमका. मग दातांना रंग फासून हाताने फिरवायचं आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं. दाताच्या मध्यावर आला तर जमलं. टोकाला किंवा मुळाशी गेला तर पुन्हा खोला, शिम बदला, बेअरिंग दाबून बसवा. किटमध्ये त्यासाठी पिवळा रंग येतो. बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, "आमच्या कऱ्हाडच्या मिस्त्रीकडे तेलात कालवलेला शेंदूर असायचा."

मागच्या ॲक्सलचा ठसा पहिल्या वेळी मुळाशी आला. दुसऱ्या वेळी टोकाला. तिसऱ्या वेळी मला वाटलं, चालेल एवढं. रात्रीचे अकरा वाजले होते, पाठ मोडली होती. बाबा वाकून बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "नाही रे. अजून थोडा कडेला आहे." मी चिडून म्हटलं, "बाबा, एवढं चालतं." ते काही बोलले नाहीत. स्टुलावर बसून राहिले. झोपायला गेले नाहीत. पाच मिनिटांनी मी पुन्हा नट खोलायला घेतला. चौथ्या वेळी ठसा मधोमध आला, तेव्हा एक वाजला होता.

नव्या क्राऊनच्या कडेवर दोन आकडे कोरलेले होते. ३९ आणि ८. १९४१ च्या विलीजचे तेच.

नवे दात एकदम जोरात वापरायचे नसतात. पहिली वीस मिनिटं हळू चालवून गाडी पूर्ण गार करायची, असं दोनतीनदा. मग ५०० मैलांवर तेल बदलायचं, त्यात बारीक लोखंडी चुरा निघतो. स्पीडोमीटरसाठी ट्रान्स्फर केसवरचा छोटा प्लास्टिकचा गिअर बदलला, काटा पुन्हा खरं बोलू लागला. हे सगळं होईपर्यंत सप्टेंबर संपला, डोंगरावर बर्फ पडलं, बाबा परत साताऱ्याला गेले. पास बघायचा राहून गेला.

इतक्यात कारखान्यालाही हा खड्डा दिसला होता. २००३ मध्ये जीपने रुबिकॉन नावाचं मॉडेल काढलं, ३१ इंची टायर, ४.१० चा ॲक्सल आणि ४ पट लो रेंज घेऊन. २०२१ मध्ये तर ३५ इंची टायर आणि ४.५६ चा ॲक्सल कारखान्यातूनच मिळू लागला. म्हणजे जे लोक पन्नास वर्षं गराजमध्ये पाठ मोडून करत होते, ते आता विकत मिळतं.

आपल्याकडे थारवाले बरेच झालेत आणि टायरची हौस तिकडेही पोचली आहे, म्हणून दोन शब्द. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी बदलण्याला मनाई केली आहे, तेव्हा आधी आरटीओचा नियम बघा. आणि कुठेही राहत असलात तरी, टायर वाढवण्याआधी आपल्या क्राऊनला आणि पिनियनला दात किती आहेत ते विचारा. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

बाबा २०२३ च्या जुलैअखेर पुन्हा आले. इमोजिन पास तेव्हा नुकता उघडला होता. त्याच जागी, त्याच उतारावर लो रेंज, पहिला गिअर. आता एकूण गुणाकार ५० च्या वर. हजार फेऱ्यांना ताशी ३ किलोमीटर, पूर्वी ५ होता. मी उजवा पाय उचलून जमिनीवर ठेवला. गाडी घुर्र करत, दगडादगडावर थांबत थांबत उतरायला लागली. एक बाई कुत्रं घेऊन खाली चालत निघाली होती, ती आम्हाला मागे टाकून पुढे गेली.

बाबांनी खिडकीवरची पकड सैल केली. बराच वेळ ते फक्त ऐकत होते. मग म्हणाले, "सदूमामाला दाखवायला पाहिजे होतं."

सदूमामा जाऊन बारा वर्षं झाली. मी काही बोललो नाही, गिअरवर गाडी सोडून दिली.